किमोच्या फाइलबरोबर ती पिशवीही आणा

मागच्या अंकात किमो चालू असताना काय खावं यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली, की सप्लिमेंटबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर लिहा. झालं! पत्रं, मेल, लेबलांचे फोटो, एकीने तर अख्ख्या शेल्फचा व्हिडिओच पाठवलाय, मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांसकट. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतेय. मी डाएटिशियन आहे, परळला कॅन्सरच्या पेशंटबरोबर बावीस वर्षं काढलीत, पण मी डॉक्टर नाही आणि तुमच्या माणसाची फाइल माझ्यासमोर नाहीये, एवढं धरून वाचा.

ताई, माझी आई ५८ वर्षांची आहे, ब्रेस्ट कॅन्सर. ऑपरेशन झालं, चार लाल किमो झाल्या, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे, बारापैकी पाच झाल्या. ठाण्याची मावशी दर रविवारी येते आणि येताना काहीतरी घेऊन येतेच. आत्ता घरात व्हिटॅमिन सी १००० ची गोळी, व्हिटॅमिन ई, हळदीच्या कॅप्सूल (काळी मिरीवाल्या), गुळवेलच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि एक मल्टिव्हिटॅमिन एवढं आहे. आईच्या पायाला मुंग्या येतात म्हणून केमिस्टने कार्निटिनची गोळी पण दिलीय. डॉक्टरांना विचारलं तर "काही नको" म्हणाले, दोन मिनिटांत बाहेर. मावशीला नाही म्हणता येत नाही. काय देऊ, काय नको? — एक मुलगी, मुलुंड

मावशीचं प्रेम आहे ते, त्याला नावं ठेवत नाही मी. माणूस आजारी पडला की आपल्याकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही, पूर्वी शहाळं आणि मोसंबी न्यायचे, आता डबे नेतात. पण शहाळ्याने किमोशी भांडण होत नव्हतं, या डब्यांतल्या काहींचं होऊ शकतं, म्हणून एकेक डबा उघडून बघू.

सी आणि ई. ही दोन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीरात जे ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात त्यांना शांत करणारी. ऐकायला किती छान वाटतं ना, पण गंमत अशी की आईच्या चार लाल किमोतलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, आपल्या कामाचा एक भाग याच उपद्रवी कणांकडून करून घेतं. रेडिएशनचंही तसंच. मग आपण पेशी वाचवायला जी गोळी देतो ती चांगली पेशी कुठली आणि कॅन्सरची कुठली हे विचारून वाचवते का? भीती आहे ती हीच. आणि ही नुसती पुस्तकी भीती नाहीये. अमेरिकेत ११३४ स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना विचारलं गेलं की किमोच्या आधी आणि किमो चालू असताना कुठली सप्लिमेंटं घेत होता, आणि औषधं कुठली होती माहितीये? सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल. बहुतेक तुमच्या आईचीच. २०१९ च्या शेवटी त्याचे निष्कर्ष आले. ज्या बायका आधीपासून आणि किमोतही अँटिऑक्सिडंट घेत होत्या त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसलं. आता लगेच घाबरू नका, अशा बायका थोड्याच होत्या त्यामुळे हा आकडा योगायोगही असू शकतो आणि तसं त्या संशोधकांनीच लिहिलंय, शिवाय ही प्रश्नावली होती, कोणाला गोळी देऊन बघितलं नव्हतं. पण जिथे फायदा दिसत नाही आणि तोट्याची शंका आहे तिथे मी तरी कपाटाला कुलूप लावीन. किमो आणि रेडिएशन संपेपर्यंत सी आणि ई बंद. लिंबू, आवळा, पेरू, मोसंबी जेवणातून जेवढं येतं ते येऊ दे, त्याबद्दल कोणी काही म्हणत नाहीये, १००० मिलिग्रॅमची गोळी आणि वाटीभर पेरू यात फार फरक आहे.

त्याच अभ्यासात बी१२ घेणाऱ्या बायकांचं चित्र जास्त स्पष्टपणे वाईट आलं, लोहाच्या गोळ्यांचंही बरं नव्हतं. मल्टिव्हिटॅमिनचं मात्र ना चांगलं ना वाईट. पण थांबा, आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ खरोखरच तळाला गेलेलं असतं, आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते हा कॉलम वाचून बंद करायचं नाही. कमतरता भरून काढणं वेगळं आणि "असू दे, ताकद येईल" म्हणून घेणं वेगळं. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते, घरचे कंटाळलेत.

आता मुंग्या. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथे चांगल्या हेतूने थेट नुकसान होतं. पॅक्लिटॅक्सेलने नसांवर परिणाम होतो, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, हे नेहमीचं आहे. कार्निटिन, नीट सांगायचं तर असेटिल-एल-कार्निटिन, मधुमेहातल्या मुंग्यांवर देतात म्हणून किमोतही देऊन बघावं असं वाटणं साहजिक होतं. मग रीतसर चाचणी झाली, ४०९ बायका, निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना खोटी गोळी, आठवड्यांमागून आठवडे. २०१३ मध्ये निकाल छापला तर २४ आठवड्यांनी गोळीवाल्या बायकांच्या मुंग्या जास्त! कमी नाही, जास्त. नंतर त्याच बायकांना दोन वर्षांपर्यंत तपासत राहिले तरी फरक तसाच. त्यामुळे ती गोळी आजच बंद करा, हे मी सहसा म्हणत नाही पण इथे म्हणते, आणि तशी ती कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेलीही नाहीये.

बी-कॉम्प्लेक्सचंही लेबल बघा, त्यात बी६ किती आहे. फार मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस घेतलं तर बी६ स्वतःच मुंग्या आणतं, आणि मग किमोमुळे की गोळीमुळे हे कोणालाच कळत नाही. आईला मुंग्या येतात हे डॉक्टरांना सांगितलंत का? पुष्कळ पेशंट सांगत नाहीत, डोस कमी करतील म्हणून घाबरतात. अहो, डोस थोडा कमी करणं किंवा एक आठवडा थांबणं हाच तर त्यावरचा खरा इलाज आहे, आणि दुखत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे जे चाचण्यांमध्ये टिकलंय. पुढच्या वेळी पहिलं वाक्य हेच बोला: शर्टाचं बटण लावता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. "मुंग्या येतात" म्हटलं की डॉक्टर मान हलवतात, "बटण लागत नाही" म्हटलं की पेन खाली ठेवतात.

हळद. आमटीतली, भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद चालू ठेवा, मी कोणाच्या फोडणीत हात घालत नाही. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातलंही फारसं अंगात जिरत नाही. म्हणून तर कॅप्सूलवाले मिरीचा अर्क घालतात. मिरीतलं पायपरिन काय करतं, तर बाहेरची रसायनं मोडून टाकणारी शरीराची यंत्रणा जरा मंद करतं आणि त्यामुळे कर्क्युमिन रक्तात टिकतं. पण ती यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते ना, पॅक्लिटॅक्सेलसुद्धा लिव्हरमध्ये तिच्याकडूनच मोडलं जातं. तिथे गर्दी केली तर औषध कमी पडेल की जास्त होईल हे घरी बसून सांगता येत नाही. आईला पुढे टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी, सुरू झालं तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासलं तेव्हा हळदीच्या कॅप्सूलबरोबर टॅमॉक्सिफेनचं जे कामाचं रूप असतं त्याची रक्तातली पातळी खाली आली, आणि मिरीवाल्या कॅप्सूलने आणखी खाली.

गुळवेल. कोविडमध्ये अख्ख्या मुंबईने प्यायलेली, आमच्या सोसायटीच्या गेटवरची वेल लोकांनी ओरबाडून नेली होती. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले सहा पेशंट बघितले आणि २०२१ मध्ये ते छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की दिसायला तशीच दुसरी वेल असेल. वाद कोणाचा खरा ते बाजूला ठेवा, तुमच्या आईपुरता प्रश्न एवढाच आहे की पॅक्लिटॅक्सेलचा डोस लिव्हर बघून ठरतो, आणि लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर किमो पुढे ढकलली जाते. तेवढी जोखीम कशासाठी? प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणाल तर किमोने पडलेले काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, गुळवेलने वर येत नाहीत, त्यासाठी जे इंजेक्शन देतात ते वेगळं.

राहता राहिलं मल्टिव्हिटॅमिन. आई नीट जेवत नसेल तर रोजच्या गरजेइतकंच असलेलं साधं एक, डॉक्टरांना दाखवून, चालेल. म्हणजे घरातल्या सात डब्यांतला एक कदाचित उरला. मावशीला सांगा, पुढच्या रविवारी मुगाचे लाडू आण.

बाबांना आतड्याचा कॅन्सर आहे, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. अशक्तपणा वाटतो म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड ५ ची गोळी लिहून दिली. आता दोन आठवड्यांत जुलाब खूप वाढलेत, तळहात लाल झालेत. केमिस्टकडे एक काकू म्हणाल्या फॉलिक ॲसिड बंद कर. पण आमच्याच चाळीत एका काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, त्यांना तर हॉस्पिटलमधूनच फॉलिक ॲसिड दिलंय आणि एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलंय. कोण चुकतंय? — लालबाग

कोणीच नाही, आणि म्हणूनच मला हे पत्र फार आवडलं. पण आधी जुलाबाचं: उत्तर वाचून संपवायच्या आधी डे केअरला, म्हणजे हॉस्पिटलच्या किमो विभागाला, फोन करा. कॅपेसिटाबिनवर जुलाब वाढणं, तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होणं ही "बघू दोन दिवस" म्हणण्यातली गोष्ट नाही, त्यांना सांगा, गोळी थांबवायची का ते तेच ठरवतील. आणि फॉलिक ॲसिड चालू आहे हेही त्याच फोनवर सांगा.

झालाय असं: कॅपेसिटाबिनचं शरीरात जाऊन फ्लुरोयुरासिल होतं, आणि ते पेशीतल्या एका एन्झाइमला चिकटून बसतं. फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जितकं जास्त तितकं ते घट्ट चिकटतं. म्हणजे औषधाचा जोर वाढतो, आणि जोर वाढला की जुलाब आणि लाल हातही वाढतात. डॉक्टर काही वेळा हे मुद्दाम करतात, फ्लुरोयुरासिलबरोबर ल्युकोव्होरिन देतात ते फोलेटचंच भावंड, पण तेव्हा डोस त्या हिशोबाने बसवलेला असतो. तुमच्या बाबांच्या हिशोबात ही गोळी धरलेलीच नव्हती. शिवाय ५ मिलिग्रॅम म्हणजे किती? चाळीतल्या काकांना बहुतेक ४०० मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळत असेल, बाबांची गोळी त्याच्या बारा पट.

काकांचं औषध बहुधा पेमेट्रेक्सेड. ते फोलेटचा रस्ताच अडवतं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये त्याचे दुष्परिणाम इतके भयंकर होते की माणसं दगावली, मग लक्षात आलं की आधीपासून थोडं फॉलिक ॲसिड आणि बी१२ चं इंजेक्शन दिलं तर शरीर ते सोसतं. म्हणून एक आठवडा आधी सुरू, आणि शेवटच्या डोसनंतरही तीन आठवडे चालू. काकांनी चुकवली तर त्यांना त्रास, बाबांनी घेतली तर बाबांना. गोळी एकच आणि चाळही एकच!

आता थोडं विषयांतर करते, पण लालबागच्या माणसाला हे सांगितलंच पाहिजे. फॉलिक ॲसिडची गोष्ट सुरू झाली ती तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, गिरणगावातल्या गरोदर बायकांना फार वाईट ॲनिमिया व्हायचा आणि त्यात त्या दगावायच्या, त्याचं कारण शोधायला. त्यांनी त्या बायकांचं जेवण बघितलं, तेच जेवण माकडांना देऊन बघितलं, आणि त्यांना सापडलं काय तर यीस्टचा अर्क, ब्रेडला लावतात तो स्वस्तातला मार्माइट, दिला की बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात काय होतं ते तेव्हा माहीत नव्हतं, "विल्स फॅक्टर" म्हणायचे, ते पुढे फोलेट निघालं. आता दुसरं टोक बघा. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना हेच फोलेट देऊन पाहिलं, ॲनिमियाला चालतं तर रक्ताच्या कॅन्सरलाही चालेल म्हणून. उलटं झालं, आजार भडकला. मग त्यांनी विचार केला की याचं विरोधी औषध दिलं तर? ते विरोधी औषध, ॲमिनोप्टेरिन, ज्यांच्या टीमने बनवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ मध्ये फार्बरनी १६ मुलांचा अनुभव छापला, त्यातली १० काही काळ सुधारली होती. तिथून किमोथेरपीचा एक मोठा रस्ता निघाला, आजचं मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.

म्हणून कोणी मला विचारलं "व्हिटॅमिनच आहे ना, त्याने काय होतंय" की मला गिरणगावातल्या त्या बायका पण आठवतात आणि बोस्टनची ती मुलं पण. फॅमिली डॉक्टरांवर चिडू नका, पण त्यांच्याकडे जाताना किमोची फाइल घेऊन जात जा. "अशक्तपणा वाटतो" एवढंच सांगितलं तर कोणीही हीच गोळी लिहील.

शिवाजी पार्कला सकाळी गव्हांकुराचा रस मिळतो, तो घेतला तर चालेल का? आणि लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा किमोपेक्षा दहा हजार पट भारी असतो असं फॉरवर्ड आलंय, पाठवते. — माहीम

पाठवू नका, माझ्याकडे अकरा वेळा आलंय.

दहा हजार पट हे काचेच्या बशीतल्या पेशींवरून आलेलं आहे, एक वेगळं काढलेलं रसायन आणि बशीतल्या पेशी. बशीत फिनेल ओतलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात. पोटात घेतलेल्या काढ्याने माणसात तसं होतं असं कोणी दाखवलेलं नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर लोक हे फळ आणि पानांचा चहा नेमाने घेतात, तिथे पार्किन्सनसारख्या आजाराचे पेशंट नेहमीपेक्षा जास्त दिसले आणि त्याचा संबंध या झाडाशी जोडणारा अभ्यास १९९९ मध्ये आला. मिळालं तर फळ एखाद्या वेळी खा, काढा नको. ज्यांनी जर्दाळूच्या कडू बियांबद्दल विचारलंय, "व्हिटॅमिन बी१७" म्हणून विकतात त्या, त्यांनाही इथेच सांगते, ते व्हिटॅमिन नाही, पोटात त्यातून सायनाइड सुटतं, आणि १७८ पेशंटवर चाचणी होऊन १९८२ मध्येच त्याचा निकाल लागलाय, फायदा शून्य.

गव्हांकुराबद्दल माझी तक्रार रसाबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त आहे. कच्चा रस, कुठल्या पाण्याने धुतला, मिक्सर कधी घासला? किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला असतात, तेव्हा एक साधं इन्फेक्शनही ॲडमिट व्हायला लावतं. वॉकला जरूर जा, गर्दीच्या आधी जा.

बीटचा ज्यूस पिणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना, त्याने लघवी लाल होते, आणि लाल किमोनेही एक-दोन दिवस होते, मग रात्री अकरा वाजता घाबरून फोन येतात. दोन्ही एका दिवशी नको, एवढंच.

व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून ६०,००० ची पाकिटं दिली होती, आठवड्याला एक. नवऱ्याने रोज एक घेतली, आठ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. किमो चालू आहे. — बोरिवली

ताबडतोब बंद, आणि डॉक्टरांना फोन करून रक्तातलं कॅल्शियम तपासायचं का ते विचारा. डी जास्त झालं की कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गळून जाणं, आणि हे सगळं किमोनेही होतं त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. ही चूक फार कॉमन आहे, नवऱ्याला ओरडू नका. पाकिटावर मार्करने वार लिहून ठेवा.

मी कोळीवाड्यातली आहे, बांगडा आमच्या घरात रोजचाच. भाच्याने इंटरनेटवर वाचलं की किमोत बांगडा आणि फिश ऑइल चालत नाही. खरं काय? — वर्सोवा

भाच्याने वाचलं ते अगदीच हवेतलं नाही. नेदरलँड्सच्या संशोधकांना उंदरांमध्ये असं दिसलं की माशाच्या तेलातला एक विशिष्ट फॅटी ॲसिड किमोचा परिणाम कमी करतो, आणि तो हेरिंग आणि मॅकरेलमध्ये बराच सापडला, सामन आणि ट्यूनामध्ये कमी. म्हणून ते म्हणाले, अजून कळेपर्यंत किमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत फिश ऑइल टाळा, ते दोन मासेही त्या दिवसांत नकोत. आता त्यांचा मॅकरेल अटलांटिकमधला, आपला बांगडा त्याच्या नात्यातला पण वेगळा, त्याची कोणी तशी मोजणी केलेली माझ्या वाचनात नाही. मी काय करेन सांगू? कॅप्सूल बंद, आणि किमोच्या दिवशी नि त्याच्या आगेमागे एक दिवस बांगड्याऐवजी बोंबील, मांदेली, जे ताजं मिळेल ते. बाकीचे दिवस बांगडा खुशाल, नीट शिजवून. मासे खाणाऱ्या पेशंटला मासे बंद करायला सांगणं म्हणजे त्याचं अर्धं जेवण काढून घेणं.

दोन वर्षांपूर्वी टाटाच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी आली होती, कॅन्सर परत येत नाही म्हणे. ती कुठे मिळेल? ऑनलाइन रेसव्हेराट्रॉल दिसतंय, तेच का? — दादर

बातमी फेब्रुवारी २०२४ ची, टाटा मेमोरियलच्या संशोधकांच्या कामाबद्दल. रेसव्हेराट्रॉल (द्राक्षांत सापडणारं एक द्रव्य) आणि तांबं, दोन्ही अगदी थोड्या प्रमाणात एकत्र. काम मुख्यतः उंदरांवर, माणसांमध्ये छोटे अभ्यास आणि तेही बरेचसे किमोच्या दुष्परिणामांबद्दल. बातमीत ते सगळं गाळून "शंभर रुपयांत कॅन्सर बंद" एवढंच उरलं. ऑनलाइन दिसतं ते वेगळं, नुसतं आणि मोठ्या डोसचं. आणि गंमत बघा, या जोडीची मूळ कल्पनाच अशी की दोघं मिळून ते उपद्रवी ऑक्सिजनचे कण तयार करतात, म्हणजे मुलुंडच्या मावशीच्या व्हिटॅमिन सी च्या बरोब्बर उलट. घेऊ नका.

मिस्टरांचं वजन ६२ वरून ५४ झालं. प्रोटीन पावडरचा डबा दोन हजारांचा, दहा दिवसांत संपतो, परवडत नाही हो. मुलगा म्हणतो माझा जिमचा डबा वापरा. — डोंबिवली

आठ किलो म्हणजे १३ टक्के, हे खूप आहे, आधी डॉक्टरांना हा आकडा सांगा, "बारीक झालेत" असं नको. जिमचा डबा नको, त्यात प्रोटीनशिवाय काय काय मिसळलंय ते लेबलावरही नीट नसतं. आणि तुमच्या दोन हजारांच्या डब्याचं मागचं लेबल वाचा, अशा बऱ्याच डब्यांत निम्म्याहून जास्त साखर आणि स्टार्चच असतो, पुढे मात्र प्रोटीन मोठ्या अक्षरात.

किमोतल्या माणसाला किलोमागे निदान १ ग्रॅम, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन लागतं. ५४ किलोला ५४ ते ८१. आता घरातलं मोजू: दोन उकडलेली अंडी १२, दोन ग्लास दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण ११ (घट्ट म्हटलंय, वरून पाणी नको), माशाची किंवा चिकनची १०० ग्रॅमची तुकडी १८-२०, मूठभर दाण्याची चटणी किंवा कूट ६. साठ झाले. मासे खात नसाल तर ३० ग्रॅम सोयाचे वडे, त्यात १५, आणि थोडं पनीर. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल किंवा सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध चालू असेल तर मात्र हा हिशोब डॉक्टरांना विचारून.

पावडरची वेळ येते ती तोंड आलेलं असताना, गिळवत नसताना, तेव्हा दुधात किंवा पेजेत कालवून द्या, तेवढे दिवस. म्हणजे डबा महिनाभर पुरेल. आणि ताटभर वाढू नका हो, बघूनच त्यांची भूक मरते. दर दोन तासांनी बशीतून, चार घास.

सासूबाई वैद्यांचा काढा आणि एक भस्म घेतात, किमो चालू आहे. डॉक्टर रागावतील म्हणून सांगायचं नाही अशी ताकीद आहे मला. — कल्याण

काही वर्षांपूर्वी चिंचपोकळीचे एक काका यायचे, त्यांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, अचानक चढलं. किमो एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. कावीळ तपासली, मग लिव्हरमध्ये पसरलंय का म्हणून स्कॅन, घरचे रडकुंडीला. माझ्यासमोर बसून काकू डाएट लिहून घेत होत्या, चष्मा काढायला पिशवीत हात घातला तर पिशवीतून बाटली निघाली. "हे काय?" तर म्हणे काहीच नाही, पाचक आहे. पाचक सहा महिने चालू होतं. बंद केल्यावर तीन आठवड्यांत रिपोर्ट खाली आले. त्या तीन आठवड्यांत काका माझ्याशी बोलले नाहीत, काकूंशीही नाहीत बहुतेक.

डॉक्टर रागावतात, मान्य आहे, सगळेच गोड नसतात आणि ओपीडीत शंभर माणसं असतात. पण "हे घेतलं तर चालेल का" असं विचारलं की उत्तर "नको" एवढंच येतं. त्याऐवजी म्हणा, "हे तीन महिन्यांपासून चालू आहे, पुढच्या किमोआधी यातलं काय थांबवू?" आणि डॉक्टरांपर्यंत पोचत नसाल तर डे केअरच्या सिस्टरना सांगा, हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारा. वैद्यांनाही किमोच्या औषधांची नावं दाखवा, चांगले वैद्य स्वतःच काही गोष्टी थांबवतात, मी बघितलंय.

भस्माची मला काढ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. कुठल्या फार्मसीचं आहे, लेबल आहे की नुसतीच कागदाची पुडी, ते बघा, आणि किमो चालू आहे तोवर तरी पुडी बाजूला.

सासूबाईंना म्हणा, टाकून देत नाही आई, लपवत पण नाही, आधी दाखवू. फाइलच्याच पिशवीत ठेवा. फक्त बाटलीचं बूच घट्ट लावा, एकदा माझ्या टेबलावर अख्खा दशमूळारिष्ट सांडलाय, दोन दिवस केबिनला वास येत होता.